एल. एस. सावंत यांचे एकतीस गुण

बुधवारी संध्याकाळी प्रॅक्टिसहून घरी आले, बूटसुद्धा काढले नव्हते, तेवढ्यात मुकुल सरांनी व्हॉट्सअ‍ॅपवर एक फोटो पाठवला. खाली एकच ओळ : ‘अक्षता, यात तुझे आजोबा कुठले?’

काळापांढरा फोटो. दहा माणसं, दोन रांगा, पुढे जमिनीवर एक कप. सगळ्यांच्या बनियनवर कारखान्याचं नाव, निशांत फॅन्स. खाली कोणीतरी डावीकडून उजवीकडे नावं लिहिलेली. मागची रांग, चौथं नाव : एल. एस. सावंत. मी बोट ठेवून मोजलं. एक, दोन, तीन, चार. चौथा माणूस सगळ्यांत उंच, रुंद खांद्यांचा, हात एवढे लांब की कुठे ठेवावेत ते त्यालाच कळत नसावं. मी पुन्हा मोजलं. मग उजवीकडून मोजून पाहिलं. उजवीकडून चौथे एक टकलू गृहस्थ निघाले.

माझ्या आजोबांची उंची पाच फूट तीन इंच आहे. सातवीच्या सुट्टीत मी त्यांना ओलांडलं. म्हातारपणी माणूस थोडा आखडतो हे मला माहीत आहे, पण वीतभर नाही ना आखडत!

आता हा फोटो का आला ते सांगते. मुकुल सर आमच्या शाळेचे बास्केटबॉलचे कोच. मुलुंडच्या त्यांच्या क्लबने येत्या रविवारी एक सत्कार ठेवला होता, कारखान्यांच्या टीममधून पगारावर खेळलेल्या जुन्या माणसांचा. तेव्हा लीग वगैरे काही नव्हतं. एखादा चांगला खेळतो असं दिसलं की कंपनी त्याला कामावर घ्यायची, आणि तो खेळायचा. “आपल्याकडचे पहिले प्रोफेशनल हेच,” असं सर म्हणतात. तर मी मोठ्या झोकात आजोबांचा फॉर्म भरला. विचारायचं कशाला, सरप्राइज देऊ. सोबत आजीच्या कपाटातलं पेपरचं कात्रण जोडलं. आजी, म्हणजे वनमाला सावंत, तीन वर्षांपूर्वी गेली, पण ते कात्रण तिने लॅमिनेट करून घेतलं होतं : ‘निशांत फॅन्स अजिंक्य. लवू सावंत यांचे एकतीस गुण.’ कणकवलीला तिच्या वडिलांनी हे कात्रण वाचूनच स्थळ पक्कं केलं होतं, असं ती कौतुकाने सांगायची.

मागच्या वर्षापर्यंत मी टीममध्ये पाण्याच्या बाटल्या भरणारी मुलगी होते. कोणी पास दिला तर सॉरी म्हणायचे. मग एका मॅचला तीन जणी आजारी पडल्या, मला उतरवलं आणि काय झालं देवाला माहीत, मी एकदम सुटलेच. आता कॅप्टन आहे. कॅप्टन झाल्यावर टीमसमोर मी भाषण पण ठोकलं होतं की माझ्या रक्तातच बास्केटबॉल आहे, माझे आजोबा एकतीस गुणवाले. जानकीने सगळ्यांत जोरात टाळ्या वाजवल्या. ती माझी खास मैत्रीण, कन्नमवारनगरमध्ये आमच्याच बिल्डिंगमध्ये राहते, आजोबांना रोज बघते. तिलाही कधी शंका आली नाही. उंच नसले तर चेंडू घेऊन धावणारे गार्ड असतील, असं आम्ही दोघींनी परस्पर ठरवून टाकलं होतं.

आजोबा बाल्कनीत कोथिंबीर निवडत होते. मी फोन त्यांच्या नाकासमोर धरला.

“यात तुम्ही कुठे आहात?”

त्यांनी चष्मा वर केला, खाली केला. “नावां चुकली असतील गो.”

“ठीक आहे. मग तुम्ही कुठले? दाखवा ना.”

“मी... त्या दिवशी नव्हतंय.”

“फायनलच्या दिवशी? एकतीस गुण कोणी मारले मग?”

आजोबा कोथिंबिरीची चांगली पानंही कचऱ्यात टाकायला लागले. मी सत्काराचं सांगितलं. रविवार, दहा वाजता, मुलुंड, समोरच्या टीममधून खेळलेले जुने लोकही येणार, माझी टीम पूर्ण येणार. मला वाटलं होतं ते खूश होतील. त्यांनी ताट बाजूला ठेवलं.

“माका जमाचा नाय. गुडघो दुखता.”

गुडघ्याची गोष्ट आमच्या घरात प्रसिद्ध आहे. गुडघ्याने घात केला म्हणून खेळ सुटला, नाहीतर आजोबा कुठच्या कुठे गेले असते. मी विचारलं, “कोणता गुडघा?”

“डावो.”

“लहानपणापासून मी उजवा ऐकतेय.”

 खाली कोणीतरी स्कूटर सुरू करत होतं, ती होईना, आजोबा त्याच्याकडेच बघत राहिले. मग फोटोतल्या उंच माणसावर अंगठा ठेवून हळूच म्हणाले, “ह्यो शिवा. शिवदास खंडागळे. ह्योच खेळायचो.”

“मग सावंत का लिहिलंय?”

“कारण तो सावंत होतो.”

मला काही म्हणजे काही कळलं नाही. अजून विचारलं तर म्हणाले, सुयोगला सांगू नको. सुयोग म्हणजे माझे पप्पा. बस, एवढंच. रात्री जेवताना पप्पा म्हणाले, “काय मग, रविवारी आमच्या स्टारचा सत्कार!” आणि आजोबांना ठसका लागला.

मुकुल सरांना मी उत्तर दिलं : ‘विचारून सांगते सर.’ आयुष्यात पहिल्यांदा मला माझे आजोबा फोटोत ओळखायला वेळ हवा होता.

गुरुवारी शाळेत एकही शॉट आत गेला नाही. रक्तात आहे म्हणे! कोणाच्या रक्तात? जानकी म्हणाली, “तुझी तब्येत बरी नाही का गं?” मी हो म्हटलं. घरी येऊन आजोबांसमोर उभी राहिले आणि सांगून टाकलं, रविवारी माझी अख्खी टीम तुम्हाला बघायला येणार आहे, मला खरं काय ते कळलंच पाहिजे, आणि तुम्ही सांगणार नसाल तर मी त्या शिवदासांना शोधून काढते. गेल्या वर्षीची मी असते तर उशीत तोंड खुपसून रडले असते.

 आजोबांनी पाकिटातून एक कागद काढला. त्यावर दिंडोशीचा पत्ता होता. कागद घड्यांवर फाटायला आला होता.

“जाऊया,” म्हणाले. “माका एकट्याक जावक जमत नव्हता.”

शुक्रवारी शाळा सुटल्यावर आम्ही बस पकडली. पवईला नेहमीसारखं अडकलो, पाऊण तास जागच्या जागी, आणि तेवढ्यात आजोबांनी अर्धी गोष्ट सांगितली. खिडकीबाहेर बघत, जणू दुसऱ्याच कोणाची सांगतायत.

अठ्ठ्याहत्तर साल. आजोबा निशांत फॅन्समध्ये स्टोअरला, पर्मनंट. शिवदास नागपूरचा, तिकडच्या मैदानांवर खेळलेला, वय चोवीस, उंची सहा फूट एक. कारखान्याच्या मोठ्या साहेबाला बास्केटबॉलचं वेड, त्याने याला मुद्दाम खेळायला म्हणून मुंबईत आणला. पण हजेरीपटावर घेतला बदली कामगार म्हणून. म्हणजे कोणी गैरहजर असेल तर त्याच्या जागी काम, नाहीतर घरी. आणि स्पर्धेचा नियम असा की फक्त पर्मनंट कामगारच खेळणार.

“साहेबान विचारल्यान, सावंत, तुझा नाव देशील? मी म्हटला, नावाक काय पैसे पडतत?”

“म्हणजे तुमच्या नावावर ते खेळले. सगळ्या मॅच?”

“चार वर्षां.”

“आणि तुम्ही?”

“मी कामावर.”

“आजोबा, तुम्ही एकही मॅच खेळला नाहीत?”

“एकही बघलंय पण नाय.”

माझ्या डोक्यात नुसता गोंधळ. राग येत होता, पण नक्की कशाचा ते ठरेना. मला ते बाल्कनीतून शिकवायचे, मी खाली कंपाउंडमध्ये ड्रिबल करत असताना ओरडायचे, “चेंडवाकडे बघू नको, समोरच्याच्या कमरेकडे बघ! खांदो फसवता, कंबर फसवत नाय!” त्या एका वाक्यावर माझा अख्खा डिफेन्स उभा आहे. आणि या माणसाने चेंडू हातातच धरला नव्हता? मी बसमध्येच ठरवलं. सरळ उपाय. रविवारी माइकवर खरं सांगायचं, सत्कार शिवदास आजोबांचा करायचा, विषय संपला. मनातल्या मनात मी भाषणही तयार केलं, चांगलं झालं होतं.

दिंडोशीच्या वसाहतीत तिसरा मजला. दार एका बाईंनी उघडलं, पप्पांच्या वयाच्या, हाताला पीठ. शिवदास आजोबांची मुलगी, दर्शना.

“कोण हवंय?”

“लवू सावंत,” आजोबा अडखळत म्हणाले. म्हणजे स्वतःचं नाव सांगत होते, पण ऐकणाऱ्याला वाटावं, लवू सावंत इथे राहतात का विचारतायत.

“इथे सावंत कोणी नाही.”

आतून आवाज आला, “सावंत? सावंत म्हणजे मीच ना बे!”

आणि स्वयंपाकघराच्या दारातून, सवयीने डोकं वाकवून, फोटोतला माणूस बाहेर आला. केस सगळे पांढरे, गाल बसलेले, पण हात तेच, कुठे ठेवावेत न कळणारे. दोघं एकमेकांकडे बघत राहिले. मला वाटलं आता मिठी मारतील, रडतील, काहीतरी.

“लेका, केवढा आटलास,” शिवदास आजोबा म्हणाले. “होतास तेवढा पण राहिला नाहीस.”

“तू रे मेल्या? दाराक डोक्या आपटून तरी अक्कल इली?”

दर्शनाताईंनी हात पदराला पुसले. “बाबा, हे कोण? आणि तुम्ही सावंत कधीपासून?”

“अठ्ठ्याहत्तर ते ब्याऐंशी,” शिवदास आजोबा म्हणाले.

मी फोटो काढून त्यांना दाखवला. त्यांनी तो बोटांनी मोठा केला, स्वतःचं तोंड मोठं करून पाहिलं, मग कप. दर्शनाताई त्यांच्या खांद्यावरून बघत होत्या. “बाबा, हे तुम्ही आहात? तुम्ही बास्केटबॉल खेळायचात?” त्यांनाही कोणी कधीच काही सांगितलं नव्हतं. आमच्या घरी न खेळलेला माणूस खेळाडू होता आणि त्यांच्या घरी खेळलेला माणूस साधा पेंट शॉपवाला. पुरुष लोक एवढ्या गोष्टी ठेवतात कुठे?

चहा झाला, आणि चहाबरोबर उरलेली अर्धी गोष्ट, भांडत भांडत. बदली कामगाराचे वर्षात दोनशे चाळीस दिवस भरले की त्याला पर्मनंट करावं लागायचं. म्हणून दोनशे वीसवर आला की कंपनी त्याला घरी बसवायची. त्यात शिवदास आजोबा मॅचला गेले की त्यांचा तो दिवस बुडायचा, कारण मॅचवर हजेरी लागायची एल. एस. सावंतची. मग दोघांनी गेटवरची हजेरीची पितळी टोकनं अदलाबदल केली. ज्या दिवशी मॅच, त्या दिवशी शिवदास सावंत व्हायचा आणि लवू सावंत पेंट शॉपमध्ये जाऊन शिवदास खंडागळे व्हायचा. पंख्याची रंगवलेली पाती हुकाला लावून भट्टीत सोडायची. तिथल्या मिस्त्रीला सगळं माहीत होतं, तो दुसरीकडे बघायचा, आणि शेवटच्या वर्षी दोनशे वीस भरले तेही त्याने ऑफिसला कळवलं नाही.

“हा तिथे उड्या मारीत होतो,” आजोबा मला म्हणाले, “आणि मी भट्टीसमोर. थुकी लाल यायची, थुकी! त्या दिवशी लाल पंखे असले तर.”

“आणि पेपरात नाव कोणाचं आलं?” शिवदास आजोबा म्हणाले. “लग्न कोणाचं जमलं माझ्या एकतीस गुणांवर? मला सांग, वनमालाबाईंना हार घालताना तू एकदा तरी म्हणालास, की बाई, हे पॉइंट दुसऱ्याचे आहेत?”

“म्हणणार होतंय.”

“कधी?”

“संधी नाय गावली.”

“चाळीस वर्षांत?”

आजोबांनी बशीतला चहा संपवला. मग तेही चिडले. “आणि तुझे दिवस कोणी भरल्यान? ब्याऐंशीत तू पर्मनंट झालंस, ते दोनशे चाळीसमधले तीस-पस्तीस माझे होते ना रे?”

“एकतीस,” शिवदास आजोबा शांतपणे म्हणाले. “मी मोजलेत. शेवटच्या वर्षीचे एकतीस.”

 मी म्हटलं, हाच क्षण. उभी राहिले आणि माझा उपाय सांगितला, रविवारी माइकवर मी स्वतः सगळं खरं सांगते, सत्कार शिवदास आजोबांचा, नाव शिवदास खंडागळे. टाळ्यांची अपेक्षा नव्हती, पण निदान एक ‘वा’ तरी.

“आणि माझे एकतीस दिवस?” शिवदास आजोबांनी विचारलं. “तेही माइकवर सांगशील? की हा माणूस खोट्या हजेरीवर पर्मनंट झाला? पोरी, ही खोली त्या नोकरीतून, या दर्शनाचं नर्सिंगचं शिक्षण त्या नोकरीतून. माझा खेळ याच्या नावावर, याचे दिवस माझ्या नावावर. तू एकच कसं खोडशील?”

“पण... खेळलात तुम्ही! मग पर्मनंट झाल्यावर स्वतःच्या नावाने का नाही खेळलात? नियमात बसत होतं ना तेव्हा?”

ते हसले. मला वाटतं त्या दिवशी पहिल्यांदा कोणीतरी त्यांना नीट प्रश्न विचारला होता.

“कसा खेळणार? समोरचे सगळे मला सावंत म्हणून ओळखत होते. खंडागळे म्हणून उतरलो असतो तर पहिल्या मिनिटाला बोंब झाली असती, चारही वर्षांचे कप परत द्यावे लागले असते. ज्या दिवशी खेळायचा हक्क मिळाला ना, त्याच दिवशी माझा खेळ बंद झाला. साहेबाने सगळीकडे कळवून टाकलं, सावंतचा गुडघा गेला.”

“मी लंगडत होतंय वर्षभर,” आजोबा म्हणाले. “उगाच. कोण बाहेरचो बघीत म्हणून.”

“कोणता पाय?” मी विचारलं.

“आठवात तो.”

दर्शनाताई मटकन खाली बसल्या. “मला कोणीतरी पहिल्यापासून सांगा. हळू.”

पण पहिल्यापासून सांगायला वेळ नव्हता, कारण खरा प्रश्न तसाच होता. रविवारी एल. एस. सावंत म्हणून उभं कोण राहणार? आजोबा गेले तर समोरून खेळलेले म्हातारे दोन मिनिटांत ओळखतील की हा तो नव्हेच. कोणीच गेलं नाही तर सर मला विचारतील, आणि मी काय सांगू, कोणता गुडघा? आजोबा म्हणाले, “कळव तुझ्या सरांका, सावंत येत नाय म्हणान.”

शिवदास आजोबा फोटो अजून हातात धरून होते. स्क्रीन काळी झाली तरी धरून होते.

“मी जाऊ?” ते म्हणाले.

आम्ही तिघांनी त्यांच्याकडे पाहिलं.

“खंडागळे म्हणून नाही. तिथे खंडागळेला कोण ओळखतं? कोणी हाकसुद्धा मारणार नाही. ती माणसं सावंतला ओळखतात. मला एकदा त्यांना भेटायचंय रे लवू. किती जण राहिलेत ते बघायचंय. नाव तुझंच राहू दे. मी फक्त जाऊन येतो.”

“पण ते खोटं आहे!” मी ओरडलेच. मग मलाच कळेना, यातलं खोटं नक्की काय. एकतीस गुण मारणारा माणूस एकतीस गुणांच्या सत्काराला जाणार, यात खोटं काय? आणि तो माझा आजोबा नाही, यात खरं काय उरलं?

आजोबांनी माझ्याकडे पाहिलंच नाही. “जा,” ते म्हणाले. “माझ्याच नावान जा. पण यावेळी मी तुझ्या कामावर जावचंय नाय, सांगून ठेवतंय. मी बघूक येतलंय.”

परतीच्या बसमध्ये मी मुकुल सरांना लिहिलं : ‘मागच्या रांगेत चौथे. नावं बरोबर आहेत.’ पाठवायच्या आधी पाच वेळा पुसलं. मला अजून माहीत नाही की मी त्या दिवशी खरं लिहिलं की खोटं. पप्पांना आजोबांनी त्याच रात्री बाल्कनीत बोलावून दार लावून घेतलं. पप्पा बाहेर आले तेव्हा त्यांचा चेहरा बघण्यासारखा होता. मला एवढंच म्हणाले, “तुला पण कळलं का गं काही?” मी म्हटलं, थोडं थोडं. रविवारी मला काम आहे, ते म्हणाले, आणि त्यांना कसलंच काम नव्हतं.

रविवारी मुलुंडच्या मैदानावर कापडी मंडप, खुर्च्या, वडे, आणि बारा-तेरा म्हातारे खेळाडू. शिवदास आजोबा पांढराशुभ्र शर्ट घालून आले, पायात जावयाचे स्पोर्ट्स शूज, एक नंबर मोठे. गेटमधून आत आले आणि पिवळी टोपी घातलेल्या एका आजोबांनी लांबूनच आरोळी ठोकली, “सावंत! अरे ए सावंत!” आणि काठी टाकून आले. मग दुसरे, तिसरे. “गुडघा कसा आहे?” “त्या फायनलला माझे दोन दात पाडलेस, आठवतं का?” शिवदास आजोबा प्रत्येकाला नावाने ओळखत होते. त्यांच्या तोंडावर जे होतं ते मी सांगू शकत नाही. माझे आजोबा तिसऱ्या रांगेत दर्शनाताईंच्या शेजारी बसले होते आणि त्यांना कोणी ओळखत नव्हतं.

मुकुल सर माइकवर आले. “निशांत फॅन्सचे एल. एस. सावंत! आणि त्यांच्यासोबत त्यांची नात, आमची कॅप्टन, अक्षता!”

हे मी धरलंच नव्हतं. टीममधल्या मुली ओरडायला लागल्या.  माझ्याशेजारी जानकी स्टेजकडे बघत होती, मग तिसऱ्या रांगेकडे, मग परत स्टेजकडे.

“अगं, तुझे आजोबा तर तिथे वडा खातायत.”

“हो.”

“मग हे कोण?”

“हे पण,” मी म्हटलं.

“यार, अक्षता, मला काही कळत नाहीये.”

“मला पण नाही. घरी गेल्यावर सगळं सांगते, आता टाळ्या वाजव.”

तिने वाजवल्या, तोंड उघडंच. मी स्टेजवर जाऊन शिवदास आजोबांच्या शेजारी उभी राहिले. त्यांच्या हातात मानचिन्ह, त्यावर माझं आडनाव. त्यांनी वाकून माझ्या कानात विचारलं, “डिफेन्सला कुठे बघतेस?”

“कमरेकडे,” मी म्हटलं.

“हां. लवूला जेवणाच्या सुट्टीत सांगायचो. दर मॅचनंतर विचारायचा, काल मी कसा खेळलो? मी म्हणायचो, बस, सांगतो.”

मी आजोबांकडे पाहिलं. त्यांनी हात थोडासा वर केला, मोठ्याने हाक मारायची नसते तेव्हा करतात तसा.

मग सरांनी म्हाताऱ्यांची पाच मिनिटांची गमतीची मॅच लावली. काही जण उभ्या उभ्याच खेळले, पिवळी टोपीवाले काठीसकट. मी स्टेजवरून उतरून आजोबांजवळ जाऊन बसले. पहिली दोन मिनिटं शिवदास आजोबांच्या हाती चेंडूच आला नाही, मोठे बूट फटफट वाजत होते आणि दर्शनाताई पुटपुटत होत्या, “पडू नका बाबा, पडू नका.” मग आला. ते धावले वगैरे नाहीत. रिंगकडे पाठ करून उभे होते, तसेच अर्धे वळले, हात वर गेला आणि चेंडू कडेला न लागता आत. पुढच्या वेळी दुसऱ्या बाजूने वळले, दुसऱ्या हाताने, तसाच आत. मुकुल सर शिट्टी वाजवायची विसरले.

आजोबांच्या हातातला वडा तसाच राहिला होता. ते खुर्चीच्या अगदी कडेला येऊन बसले होते.

“असो खेळतंय मी?” त्यांनी विचारलं. कोणाला ते कळलं नाही.

“दोन्ही हातांनी खेळता तुम्ही, आजोबा,” मी म्हटलं. “डाव्या हाताने पण. खूप कमी जणांना जमतं.”

“डाव्या पण?” आजोबा मैदानावरून नजर न काढता म्हणाले. “मेल्यान ह्या माका कधी सांगूकच नाय.”